घूंऽऽऽ कुठून येतंय?

आज रात्री घरातले सगळे झोपले की एक करून बघा. स्पीकर चालू करा, आवाज नेहमीएवढा ठेवा, पण गाणं लावू नका. आता कान स्पीकरजवळ न्या. काही ऐकू येतंय? बारीकसं ‘घूंऽऽ’? किंवा ‘झर्रर्र’? लॅपटॉपला चार्जर लावला की वाढणारं, माउस हलवला की किरकिरणारं काहीतरी? येत असेल तर या, बसा, आपण एकाच क्लबातले. येत नसेल तर तुमच्या घराचं वायरिंग ज्यानं केलंय त्याला माझ्याकडून एक चहा.

आमच्या फ्लॅटवर हा ‘घूं’ दोन महिने होता. पुण्यात, जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी राहतो. मी पेपरात इंटर्न, एक सीएची तयारी करणारी आणि एक गाणारी. गाणारीला एका स्पर्धेच्या पहिल्या फेरीसाठी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. रविवारी रात्री बाराच्या आत. स्टुडिओचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून घरीच जुळवाजुळव केली. एका सिनियरकडून त्याच्या गणपती मंडळाचा जुना मिक्सर आणला, एक बरा माइक आणला, मिक्सरमधून केबल काढली आणि लॅपटॉपमध्ये घुसवली. सगळं मिळून खर्च शून्य रुपये. (बरोबर. वडापाव दिला होता, तो धरला तर पन्नास.)

पहिला टेक ऐकला. गाणं छान. आणि गाण्याखाली, अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुणीतरी दूरवर पिठाची गिरणी चालवतंय असा आवाज.

आता इथे आधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण आम्ही ती समजून न घेता दोन दिवस नुसती आदळआपट केली. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज येते ती २३० व्होल्टची, आणि ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे खाते. तेच ते ५० हर्ट्झ. हे हेलकावे ऑडिओच्या तारेत शिरले की स्पीकरचा पडदाही सेकंदाला ५० वेळा थरथरतो, आणि आपल्याला खर्जातला ‘घूं’ ऐकू येतो. दुसरा प्रकार म्हणजे जरा धारदार ‘झर्रर्र’. उपकरणाच्या आतला पॉवर सप्लाय ही हेलकावणारी वीज सरळ करतो, तेव्हा तिचा प्रत्येक हेलकावा दोन उसळ्यांमध्ये बदलतो. त्यामुळे तिथून गळणारा आवाज १०० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला असतो. म्हणजे नुसतं कानानं ऐकूनही अंदाज बांधता येतो. खोल, गोल ‘घूं’ असेल तर संशय तारा आणि अर्थिंगवर. करकरीत ‘झर्र’ असेल तर संशय एखाद्या अडॅप्टरवर, डिमरवर, स्वस्तातल्या एलईडी बल्बवर.

गंमत म्हणजे हा ‘घूं’ अख्ख्या देशात एकाच पट्टीत आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाच्या ग्रिडशी जुळलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळे पंखे, फ्रिज आणि वैतागलेले स्पीकर एकाच ठेक्यात चालतात. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. त्यामुळे सोलापूरच्या आपल्या एखाद्या मित्राच्या स्पीकरमधला ‘घूं’ आणि तुमचा ‘घूं’, दोन्ही अक्षरशः सुरात असतात.

आमची गाणारी मात्र त्या सुरात नव्हती. तिची पट्टी काळी चार, म्हणजे सा साधारण २०८ हर्ट्झवर. विजेच्या ५० हर्ट्झची चौथी पट २०० हर्ट्झ. पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या जरा खाली, अगदी दोन पट्ट्यांच्या फटीत. म्हणजे एक बेसूर तानपुरा सतत मागे लावून ठेवलाय, आणि तो बंद करायचं बटण कुठे आहे तेच माहीत नाही. “मी चढी लागतेय का?” असं ती दर टेकनंतर विचारायची. चढी कुठली, बाई. महावितरण उतरलेलं होतं!

(वाक्य बरं वाटलं म्हणून ठेवलंय. खरं तर वीज कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता, ते पुढे कळेलच.)

चहा ठेवला की आवाज वाढतो

पहिला धागा सापडला तो चहामुळे. आमच्याकडे गॅस नाही, इलेक्ट्रिक किटली आहे. रात्री अकरा वाजता सीएवालीनं स्वयंपाकघरात किटली लावली आणि इकडे हेडफोनमध्ये ‘घूं’ एकदम फुगला. किटली बंद, ‘घूं’ बसला. परत चालू, परत फुगला. आम्ही तिघी पाच मिनिटं नुसतं किटलीचं बटण दाबत बसलो होतो, लहान मुलांसारख्या.

दुसरा धागा: लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज पूर्ण गायब. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे काय सांगू, चार्जर काढल्यावर बारा मिनिटांत तो राम म्हणतो. सेटिंग, सराव, टेक, सगळं बारा मिनिटांत कसं बसवायचं?

या दोन धाग्यांचा अर्थ एकच होता, आम्हाला तो तेव्हा लागला नाही. मिक्सरला तीन पिनांचा प्लग होता आणि तो दाराजवळच्या बोर्डमध्ये लावला होता. लॅपटॉपच्या चार्जरलाही तीन पिना, पण तो टेबलाजवळच्या बोर्डमध्ये. प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन म्हणजे अर्थिंग. म्हणजे मिक्सरचं अंग एका तारेनं जमिनीला जोडलेलं, लॅपटॉपचं अंग दुसऱ्या तारेनं, आणि या दोघांना जोडणारी आमची ऑडिओ केबल. झालं एक मोठं कडं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगमध्ये जरासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या कड्यातून करंट वाहतो आणि वाटेत असलेल्या ऑडिओ केबलच्या जाळीतून जातो. साध्या केबलमध्ये ती जाळीच आवाजाची परतीची वाट असते. त्यामुळे विजेचे हेलकावे थेट गाण्यात मिसळतात. चार्जर काढला की कडं तुटतं, म्हणून ‘घूं’ जातो.

मग किटलीचा काय संबंध? तिथेच तर खरी गोम होती. पण आम्ही ती शोधली नाही. आम्ही काय केलं? जे तुम्हीही केलं असतं. मोबाइलवर व्हिडिओ बघितला.

व्हिडिओतला दादा फार आत्मविश्वासानं सांगत होता की दहा रुपयांचा थ्री-पिन टू टू-पिन अडॅप्टर घ्या, तिसरी पिन कटाप, हम गायब. खाली शेकडो लोकांनी ‘भाई, काम हो गया’ म्हणून आशीर्वाद दिलेले. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून अडॅप्टर आणला, मिक्सरच्या प्लगला लावला. आणि खरंच, ‘घूं’ गेला. असा गेला की आम्ही अक्षरशः नाचलो. शुक्रवारी रात्री मी मेसेजही टाकला, ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’.

शनिवारी दुपारी मला असाइनमेंट लिहायची होती म्हणून मी लॅपटॉप उचलून बाहेर नेला. गाणारी आत हेडफोन मिक्सरलाच लावून रियाज करत होती. मावशी नुकत्याच फरशी पुसून गेल्या होत्या. ती अनवाणी, माइक हातात, ओठांना अगदी लागून. आणि मला आतून गाणं नाही, किंकाळी ऐकू आली.

तिला काही झालं नाही, हे आधीच सांगते. ओठाला झिणझिण्या आल्या, हात झटकला गेला, माइक खाली पडला. ती भिंतीला टेकून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, “माइक तुटला का बघ, तो आपला नाहीये.” मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या काकू आल्या.

हे आधीही झालंय, आणि तेव्हा लोक वाचले नाहीत

त्या रात्री मी वाचत बसले, आणि वाचायला नको होतं असं वाटलं. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर उभा होता. हजारो कार्यक्रमांत लाखो कलाकार करतात तेच त्यानं केलं, माइकला हात लावला. अर्थिंग नीट नव्हतं. तो प्रेक्षकांसमोर गेला. २७ वर्षांचा होता. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरी, स्वतःच्या घरात, इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. अर्थिंगचाच घोळ. वय ३३.

हे सांगतेय ते घाबरवायला नाही. तिसरी पिन ही प्लग बनवणाऱ्याची हौस आहे असं मला खरंच वाटायचं, म्हणून सांगतेय. आपल्यापैकी किती जणांच्या हॉस्टेलच्या रूमवर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये काडी घालून बसवलेला आहे, जरा आठवा.

मिक्सरच्या आत विजेची करकर गाळणारे बारीक कपॅसिटर असतात. त्यातून अगदी थोडा करंट उपकरणाच्या धातूच्या अंगावर सतत गळत असतो, आणि अर्थिंगची तार तो मुकाट्यानं जमिनीत नेते. अर्थिंग तोडलं की त्याला जायला वाट नाही. मग तो अंगावर साचून वाट बघतो, की कुणीतरी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात लावेल. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावल्यावर मनगटाला जी मुंग्यांसारखी सुरसुर होते ना, ती हीच. तेवढा करंट फार कमी असतो, त्यानं सहसा इजा होत नाही. पण जुन्या मिक्सरमधलं इन्सुलेशन एक दिवस फाटलं आणि फेजची तार अंगाला लागली, तर त्याच माइकवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि ते अडवायला किंवा वळवायला मध्ये काही उरलेलं नसतं.

आणि शुक्रवारी रात्री तिला शॉक का बसला नाही? कारण तेव्हा लॅपटॉपची केबल जोडलेली होती. मिक्सर त्या केबलमधून लॅपटॉपच्या अर्थिंगवर तरला होता. मी लॅपटॉप उचलला आणि तो शेवटचा आधारही काढून घेतला. म्हणजे माझ्या असाइनमेंटमुळे. हे मी तिला अजून नीटसं सांगितलेलं नाही. आता पेपरात वाचेल.

काकांनी बोर्ड उघडला

शेजारच्या काकूंनीच त्यांच्या ओळखीचे वायरमन काका रविवारी सकाळी पाठवले. साठीचे, खिशाला टेस्टर, बोलणं कमी. आम्ही त्यांना व्हिडिओ, हम, ग्राउंड लूप वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो पिवळा अडॅप्टर कुठंय?” आम्ही दिला. त्यांनी पक्कडीनं तो दोन तुकडे करून डस्टबिनमध्ये टाकला. “हां, आता बोला.”

मग त्यांनी मीटर लावला. दाराजवळच्या बोर्डचं अर्थिंग व्यवस्थित होतं. टेबलाजवळच्या बोर्डमध्येही मीटर ‘अर्थिंग आहे’ असंच दाखवत होता. काका म्हणाले, “किटली लावा.” (मी शपथ घेऊन सांगते, आम्ही त्यांना किटलीचं सांगितलेलं नव्हतं.) किटली लावली. आता त्यांनी वायर लांब करून दोन्ही बोर्डांच्या अर्थच्या पिनांमध्ये मीटर धरला. आकडा वर चढला. काकांनी ‘च्’ केलं, मेन बंद केला आणि टेबलाजवळचा बोर्ड उघडला.

आत हिरवी तारच नव्हती. हा बोर्ड कुणीतरी मागाहून बसवलेला, स्वयंपाकघराच्या लाइनीवरून दोनच तारा ओढून. तीन भोकं रिकामी दिसू नयेत म्हणून त्या कारागिरानं बोटभर तारेचा तुकडा घेतला होता आणि न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून दिला होता.

ही युक्ती आपल्याकडे फार ठिकाणी सापडते, असं काका म्हणाले. दिसायला सगळं ठीक दिसतं. तीन दिवे लागणारा सॉकेट टेस्टर येतो ना बाजारात, त्यालाही हे कळत नाही, कारण त्याच्या लेखी न्यूट्रल आणि अर्थ जवळपास सारखेच. पण न्यूट्रल ही रोज करंट वाहून नेणारी तार आहे. किटली चालू झाली की तिच्यातून सहा-सात अँपिअर धावतात आणि तिच्यावर थोडं व्होल्टेज उभं राहतं. ते थेट माझ्या लॅपटॉपच्या अंगावर, तिथून ऑडिओ केबलमध्ये, तिथून गाण्यात. म्हणून चहा ठेवला की आवाज वाढायचा.

“आवाजाचं सोडा,” काका म्हणाले. “ही न्यूट्रल कुठं मागे तुटली, सैल झाली, की या पिनेवर सरळ फेज येतो. मग तुमचा लॅपटॉप, टेबलफॅन, इस्त्री, जे काही तीन पिनांचं इथं लावलंय, त्याचं सगळं अंग जिवंत. बटण बंद असलं तरी.”

इस्त्री. आम्ही तिघी रोज सकाळी त्याच बोर्डवर इस्त्री करतो. धातूची, जुनी.

खोलीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मग काकांनी मेन बोर्ड बघितला. फेजनं आत गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट यांची सतत तुलना करणारं, फरक ३० मिलिअँपिअर झाला की क्षणात वीज तोडणारं एक उपकरण असतं, आरसीसीबी. बरेच जण त्याला जुन्या सवयीनं ईएलसीबी म्हणतात. ते तिथे नव्हतं. त्याची जागा रिकामी होती, तारा सरळ जोडलेल्या. काकांचा अंदाज असा की ते आधी असणार, पण अर्थ आणि न्यूट्रल एकत्र केल्यावर ते सारखं पडायला लागलं असणार. कटकट नको म्हणून कुणीतरी धोका शोधायच्या ऐवजी धोका सांगणारं यंत्रच काढून टाकलं.

त्यांनी दुपारपर्यंत केसिंग पट्टीतून टेबलाच्या बोर्डपर्यंत खरी हिरवी तार ओढली, तो बोटभर तुकडा काढला, आणि संध्याकाळी आरसीसीबी बसवलं. घरमालक काकूंनी आधी फोनवर कुरकुर केली, “इतकी वर्षं काही झालं नाही.” मग गाणारीनं त्यांना ओठाचं सांगितलं. पैसे त्यांनी दिले.

मग घ्यायचं काय, आणि काय घ्यायचं नाही

या सगळ्या प्रकरणात मी आठवडाभर जे विचारलं आणि वाचलं, त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते. सगळ्यात आधी, काहीच विकत घेऊ नका. एक-एक गोष्ट काढून बघा. आधी चार्जर काढा. मग केबल काढा. मग फ्रिज, ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचे चार्जर एकेक बंद करा. कुठल्या क्षणी आवाज जातो, ते कागदावर लिहा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तेवढ्याशा स्पीकरला ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही, त्यामुळे सगळं गोड वाटतं आणि परीक्षकाच्या हेडफोनमध्ये गिरणी चालू होते.

दुसरं फुकट काम: जे जे एकमेकांना ऑडिओ केबलनं जोडलंय, ते सगळं एकाच भिंतीतल्या सॉकेटवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. कड्याचा घेर लहान होतो आणि दोन अर्थिंगमधला फरक जवळपास संपतो. बऱ्याच घरांत निम्मं दुखणं इथेच जातं. (त्या बोर्डवर गिझर किंवा इस्त्री लावू नका, हे सांगायला लागू नये.) विजेच्या आणि ऑडिओच्या तारा एकमेकींना मिठी मारून झोपवू नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

एवढं करूनही ‘घूं’ राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, काही शे रुपयांत. तिच्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, तारांचा थेट संबंध तुटतो, आणि तुमचं अर्थिंग शाबूत राहतं. व्हिडिओतल्या दादानं हे सांगायला हवं होतं. कडं तोडायचंच तर ऑडिओच्या बाजूनं तोडा, विजेच्या बाजूनं नाही. स्वस्त डबीत खर्ज जरा पातळ होतो, हे खरं. स्पीकर आणि इंटरफेस दोघांनाही बॅलन्स्ड जोडणी असेल तर तीच वापरा. त्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट पाठवतात. वाटेत शिरलेली घाण मात्र दोन्हीत सारखी असते, ती शेवटी वजाबाकीत उडून जाते. बारावीच्या गणितापेक्षा सोपं आहे.

स्टॅबिलायझर? तो व्होल्टेज वरखाली झालं तर सावरतो, ‘घूं’शी त्याचं काही देणंघेणं नाही. स्पाइक गार्ड? वीज जाऊन आल्यावर एखादा उंच झटका आला तर तो स्वतःवर घेतो. जरूर लावा, पण आवाजाच्या आशेनं नको. इन्व्हर्टर? लाइट गेल्यावर जुन्या इन्व्हर्टरवर पंखा कसा कण्हत फिरतो, ऐकलंय ना? त्या स्क्वेअर वेव्हच्या विजेत करकरीत पटी ठासून भरलेल्या असतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर प्युअर साइन वेव्हचाच हवा.

आणि हजारो रुपयांच्या त्या जाडजूड, वेणी घातलेल्या पॉवर केबल. माझं स्पष्ट मत आहे, ठेवा पैसे खिशात. डीपीपासून तुमच्या भिंतीपर्यंत वीज कितीतरी मीटर साध्या तारेनं येते, शेवटचा दीड मीटर सोन्याचा केला म्हणून मागचं गढूळ पाणी निवळत नाही. अर्थात वेडाला सीमा नाही. जपानमध्ये काही ऑडिओवेड्यांनी शुद्ध विजेसाठी घरापुढे स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब, वर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, असं उभं केल्याची बातमी २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं दिली होती. आमच्या घरमालक काकूंना हे सांगितलं तर त्या भाडं वाढवतील.

एक किस्सा मात्र राहवत नाही. आमच्या वर्गातल्या एकाचा ॲम्प्लिफायर रोज सकाळी साडेआठला स्वतःच गुरगुरायचा. स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. त्यानं तो दोनदा रिपेअरला नेला, दुकानात ढिम्म आवाज नाही. शेवटी कळलं, साडेआठला त्याची बहीण हेअर ड्रायर लावते, कमी स्पीडवर. स्वस्त ड्रायरमध्ये कमी स्पीड म्हणजे काय, तर एक डायोड, जो विजेचा अर्धा हेलकावा चक्क कापून टाकतो. त्यामुळे घरातल्या विजेचा तोल एका बाजूला कलतो, आणि मोठ्या गोल ट्रान्सफॉर्मरला ते अजिबात सोसत नाही. तो गुरगुरतो. उपाय? ताईला सांगितलं, फुल स्पीडवर लाव. ती म्हणाली, केस खराब होतात. वाद अजून चालू आहे.

रविवारी रात्री साडेनऊला आमच्याकडे सगळं परत जोडलं. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर, तिन्ही पिना जागेवर. हेडफोन लावला. किटली लावली. काही नाही. अगदी तळाशी, खूप आवाज वाढवला तर, एक बारीक धूसर सुस्कारा, तेवढाच. मग गाणारीनं चपला घातल्या. मी म्हटलं, “आता गरज नाही गं.” तिनं ऐकलं नाही, आणि माइक ओठांपासून वीतभर लांब धरला.

पहिला टेक चांगला चालला होता, तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ आलं. दुसऱ्या टेकला पुन्हा. तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी धावत जाऊन फ्रिज बंद केला. तिसरा टेक तिनं डोळे मिटून घेतला. तानपुरा संपल्यावर शेवटचे चार सेकंद नुसती शांतता आहे त्यात, ती आम्ही तिघींनी दोनदा ऐकली. ११ वाजून ४१ मिनिटांनी फाइल गेली.

पुढच्या फेरीचा निकाल अजून लागायचाय. फ्रिज परत चालू करायचा राहिला, ते सकाळी कळलं. दोन लिटर दूध आणि सीएवालीच्या आईनं कोल्हापूरहून पाठवलेली बासुंदी गेली. तिच्याशी बोलणं आज कुठे सुरू झालंय.